सावळेखेडच्या दोन चक्क्या एक करण्याची मोहीम

तमाम ग्रामसभा मौजे सावळेखेड, परगणे आर्णी, जिल्हे यवतमाळ, यांचे सेवेशी लिहिणार विनंती करितो ऐसीजे. दोन चक्क्यांचे प्रकरण आद्यंत लिहोन ठेवावे अशी सभेची आज्ञा जाहली. कारण की घनश्यामराव बाजाराचे दिवशी आर्णीस चहाचे टपरीवर बसोन सांगतात की आम्ही पंधरा किलोंचा डबा डोईवर घेवोन आर्णीचे वेशीपर्यंत गेलो होतो, आणि ऐकणारे ते खरे मानितात, आणि वर चहाही पाजतात. घनश्यामराव वेशीपर्यंत गेले नाहीत. कुठवर गेले ते पुढे यथास्थित येईल. लिहिणाराचे कोणाशी वैर नाही. आमचे घरचे दळणही त्यांचेच चक्कीवर जात असे, आणि पोळी तिखट लागली तरी आम्ही कधी चकार शब्द काढिला नाही. परंतु खोटे इतिहास होऊ लागले म्हणजे खऱ्याने गप्प बसणे बरे नव्हे, म्हणोन हा उद्योग.

शके एकोणीसशे तेहेतीस, खरनाम संवत्सर. त्या साली कापसाने दगा दिला. आदले साली भाव आभाळास भिडला होता, म्हणोन रयतेने जेथे मूठभर माती दिसेल तेथे कपाशी पेरिली, आणि कापूस घरी आला तेव्हां भाव धाडकन खाली आला. मग रयतेने हट्ट धरिला की भाव चढेतो विकणे नाही, आणि घरोघरी कापूस आढ्यापर्यंत रचिला, आणि माणसे ओट्यावर निजू लागली, आणि अंगास खाज सुटोन पाहुण्यांचे येणे बंद पडिले. मुलखात एकटे घनश्यामराव सुखी होते. इतर आणखी चढेल म्हणोन थांबले असता त्यांनी आदले साली ऐन चढत्या भावात सारा कापूस विकिला होता. हे आपण दूरदृष्टीने केले असे त्यांचे म्हणणे. घरात उंदीर फार जाहले होते असे त्यांचे कुटुंबाचे म्हणणे. कसेही असो, त्या दिवसापासोन घनश्यामरावांस असे वाटू लागले की बाजाराची नस आपणांस सापडली आहे, आणि ज्यास नस सापडली त्याने एका चक्कीवर संतुष्ट राहणे शोभत नाही.

आता सावळेखेडी चक्क्या दोन. पूर्वेचे अंगास घनश्यामरावांची, तीस मिरची कुटण्याचे यंत्र जोडलेले. आणि पश्चिमेचे अंगास वामनरावांची, साधी. वामनराव हा शांत पुरुष. पस्तीस वर्षे चक्कीची घरघर ऐकोन त्यांचे दोन्ही कान गेले होते, त्यामुळे ते सर्वांस हो म्हणत, आणि गावात त्यांचे मोठे सौजन्य गाजत असे. त्यांचे पुत्र रजतराव यवतमाळी नोकरीस. पुत्राने बोलाविले की आता इकडे येवोन रहावे, आणि वामनरावांनी चक्की विकावयाचे मनावर घेतले, आणि ही खबर घनश्यामरावांस लागली, आणि घनश्यामराव खासे चालोन पश्चिमेस गेले, आणि काय बोलले ते वामनरावांस ऐकू आले नाही, परंतु रिवाजाप्रमाणे ते हो म्हणाले. येणेप्रमाणे एका दुपारी अवघा मुलूख एका छत्राखाली येण्याचा योग आला.

ही बातमी फाट्यावर इंदूबाईंस कळली, आणि त्यांचे हातची भाकर तव्यावर करपली.

इंदूबाई म्हणजे फाट्यावर एसटीचे उतारूंस झुणका-भाकर विकणाऱ्या. त्यांचे सारे राज्य ज्वारीचे ताजे पिठावर उभे. तीन वर्षांमागे त्यांची ज्वारी घनश्यामरावांकडे मिरचीचे पाठोपाठ दळली गेली, आणि त्या भाकरी खावोन यवतमाळचे गाडीतील अवघे उतारू खोकत खोकत उतरले, आणि ड्रायव्हर डोळे पुशीत उभा राहिला, आणि गाडी पाऊण घटका जागची हलली नाही. मग इंदूबाईंनी चावडीपुढे उभे राहोन घनश्यामरावांची जी शोभा केली ती येथे लिहिण्याजोगी नाही. त्यावर घनश्यामरावांनी फर्मान काढिले की या बाईचा डबा आमचे पायरीस लागो नये. तेव्हांपासोन तो डबा वामनरावांकडे जात होता. आता दोन्ही चक्क्या घनश्यामरावांच्या जाहल्यास इंदूबाईंनी ज्वारी दळावी कोठे? पीठ नाही तर भाकर नाही, आणि भाकर नाही तर फाट्यावर बसोन काय रस्ता मोजावा? हा प्रसंग गुदरला.

इंदूबाईंची भाची मैत्रेयीबाई यवतमाळी वकिलीचे शेवटचे वर्षास होती. इंदूबाईंनी फोन केला, आणि मैत्रेयीबाई दुसरे दिवशीचे एसटीने दाखल जाहल्या. त्यांनी सांगितले की यंदाचेच जून महिन्यापासोन दिल्लीस असा कायदा चालू जाहला आहे की एखाद्या बलाढ्य कंपनीने दुसरी कंपनी घेवोन बाजार एकहाती करू पाहिला, तर तिने आधी आयोगास इतल्ला द्यावी, आणि आयोगाने तपासावे की अशाने गिऱ्हाइकास जाण्यास दुसरी जागा राहते की नाही, आणि परवानगी मिळेतो घेणाराने विकणाराचे मालास बोटही लावू नये. इंदूबाई म्हणाल्या, “हे त माह्याच डब्याचं लिहून ठेवलं दिल्लीवाल्याइनं!” मैत्रेयीबाई म्हणाल्या, “मावशी, पन तो कायदा हजारो कोटीवाल्याइसाठी हाय. चक्कीले नाई लागत.” इंदूबाई म्हणाल्या की लागो न लागो, तू ग्रामसभेत उभी राहून हेच सांग.

सभा निंबाखाली भरली. सरपंच भावसिंग नाईक, तांड्यावरचे मातब्बर गृहस्थ, अध्यक्षस्थानी बैसले. मैत्रेयीबाईंनी कायदा वाचिला, आणि शेवटी निष्पक्षपणे घनश्यामरावांस सुटकेचा मार्गही दाखविला, तो असा: “काका, तुमी फक्त लिहून द्या का माहा धंदा लहान हाय. मंग हा कायदा तुमाले लागूच होत नाई. कोनी अडवू शकत नाई.”

शहाणा मनुष्य असता तर त्याने तेथेच कागद मागितला असता, दोन ओळी खरडल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही चक्क्यांचा धनी होवोन जेवावयास गेला असता. परंतु सभेत अवघा गाव होता, आणि दोन्ही व्याही होते, आणि लहान हा शब्द चारचौघांत उच्चारिला गेला होता. घनश्यामराव ताडकन उभे राहिले. “कोनाचा धंदा लहान? माह्या चक्कीले तीन फेज लागते, तीन! दिल्लीचा कायदा लागते त लागू द्या. मी काय भेतो काय?” असे बोलोन त्यांनी कायदा आपण होवोन अंगावर ओढून घेतला. त्यांचे कुटुंबाने बायकांचे घोळक्यातून कपाळास हात लाविला, तो लिहिणाराने समक्ष पाहिला.

मग विचार पडिला की दिल्ली लांब, तेथवर कोणी जावे? सभेने एकमते ठरविले की दिल्लीचे ठायी ग्रामसभेनेच बसावे. मैत्रेयीबाईंनी तीन वेळा बजाविले की ग्रामसभेस हा अधिकार नाही, आणि तीनही वेळा सभेने टाळ्या वाजविल्या. घनश्यामरावांनी सर्वांआधी सही ठोकली, आणि सहीखाली ‘उद्योगपती’ असे लिहिले.

पहिलाच आरोप संगीन निघाला. परवानगीआधी बोट लावू नये असा कायदा; परंतु घनश्यामरावांनी आदले दिवशीच पेंटर आणोन वामनरावांचे भिंतीवर हातभर अक्षरांत ‘घनश्याम आटा उद्योग समूह, शाखा क्र. २’ असे रंगवोन घेतले होते. भावसिंग नाईकांनी वामनरावांस विचारिले की हे तुमचे संमतीने जाहले काय, आणि वामनराव हो म्हणाले, आणि मग विचारिले की तुमचे संमतीविना जाहले काय, आणि वामनराव त्यासही हो म्हणाले. तेव्हां साक्ष बाजूस ठेवोन हुकूम जाहला की निकालापर्यंत त्या अक्षरांवर पडदा असावा. मग कापसाची रिकामी पोती शिवोन भिंतीवर टांगिली, परंतु पोती तोकडी पडली, आणि ‘शाखा क्र. २’ एवढे उघडे राहिले, आणि निकाल लागेतो वाटसरू विचारीत की शाखा कशाची?

यानंतर घनश्यामरावांनी आपली बाजू मांडिली. म्हणाले की दोन चक्क्या एका हाती आल्या तर लोडशेडिंगचे दिवशीही जनरेटरवर दळण होईल, आणि नंबर लवकर लागेल. आणि ज्यास आमची चक्की नको त्याने खुशाल आर्णीस जावे, तेथे चक्क्या पुष्कळ आहेत. “आर्नी काय दूर हाय? हे काय, इथंच!” असे म्हणोन त्यांनी नाकासमोर बोट दाखविले, जणू निंबापलीकडे आर्णीच आहे. मैत्रेयीबाई म्हणाल्या की सारा मुकदमा याच वाक्यावर उभा आहे. बाई आपला डबा घेवोन आर्णीस जाऊ शकत असेल, तर आर्णी व सावळेखेड हा एकच बाजार, आणि तेथल्या चक्क्यांचे भय घनश्यामकाकांस राहील, आणि चक्की घेण्यास हरकत नाही. जाऊ शकत नसेल, तर गावापुरता बाजार निराळा, आणि त्यात काका एकटे राजे.

आर्णी सात किलोमीटर. यावर पुरुषमंडळींत मोठी चर्चा जाहली. कोणी म्हणे सात म्हणजे काहीच नव्हे, कोणी म्हणे आमची आजी रोज जात असे. आणि बोलणारांपैकी एकानेही जन्मात डबा उचलला नव्हता. बायका ऐकोन घेत होत्या. शेवटी भावसिंग नाईकांनी काठी आपटिली आणि निर्णय दिला: “जो म्हनते इथंच हाय, तोच डबा घेऊन जाईन.”

घनश्यामराव हासले, आणि म्हणाले की ठीक, मोटरसायकल काढितो. तेव्हां इंदूबाई पहिल्याने बोलल्या. “भाऊ, माह्यापाशी फटफटी असती त मी इथं कायले उभी राह्यली असती?” सभा हासली, आणि घनश्यामरावांचा रंग पालटला, आणि त्यांनी भर सभेत शब्द दिला की डोईवर नेईन, पायी नेईन, आणि एकट्याने नेईन. मग तहाची कलमे ठरली. डबा आर्णीच्या पहिल्या चक्कीस लागला तर दोन्ही चक्क्या घनश्यामरावांच्या. वाटेत जमिनीस लागला तर जेथे लागला तेथे सावळेखेडचा बाजार संपला. डबा कोणाचा? इंदूबाईंनी आपला पुढे केला, पंधरा किलो ज्वारीने भरलेला. त्या डब्यात त्यांनी आपले सारे पणास लाविले हे सर्वांस कळत होते, म्हणोन कोणी थट्टा केली नाही.

दुसरे दिवशी सूर्य कासराभर वर येता स्वारी निघाली. घनश्यामरावांचे कुटुंबाने लुगड्याची चुंबळ करोन दिली, परंतु चुंबळ ही बायकांची वस्तू म्हणोन त्यांनी ती नाकारिली आणि डबा उघड्या डोक्यावर घेतला. मागे भावसिंग नाईक फटफटी रांगवीत, त्यांचे मागे मैत्रेयीबाई कागद-पेन घेवोन, मग इंदूबाई, आणि मग वेचणी अर्धी टाकोन आलेल्या वीस-पंचवीस बायका. पहिल्या शंभर पावलांत घनश्यामराव असे चालिले की पाहणाराने मुजरा करावा. दुसऱ्या शंभरात मान गेली. तिसऱ्या शंभरात त्यांनी एका हाताने डबा सावरोन, कोणी पाहत नाही असे समजोन, दुपट्टा काढिला आणि त्याची चुंबळ डब्याखाली कोंबिली, आणि पंचवीस बायकांनी ते पाहिले. पुढे घाम डोळ्यांत उतरू लागला, आणि हात दोन्ही डब्यास गुंतलेले, आणि नाकावर एक माशी येवोन बैसली, आणि तिने तेथेच मुक्काम केला.

इतक्यात आर्णीकडून एसटी आली. गाडी हळू जाहली, कंडक्टरने खिडकीतून अंग बाहेर काढिले आणि मोठ्या काळजीने विचारिले, “घनश्यामभाऊ, काहून? चक्की बंद पडली काय?” घनश्यामरावांस उत्तर देता येईना, कारण मान हालविली तर डबा जातो, आणि तोंड उघडले तर दम जातो. ते नुसते डोळे वटारून पाहत राहिले, आणि कंडक्टरने त्याचा अर्थ चक्की बंदच आहे असा घेतला, आणि ती बातमी यवतमाळपर्यंत प्रत्येक थांब्यावर उतरत गेली.

याउपर एक कापसाची गाडी मागोन आली, आणि गाडीवान म्हणाला की बसा, सोडून देतो. आणि ती आर्णीकडे निघोन गेली, आणि घनश्यामराव तिची धूळ खात तिजकडे असे पाहत राहिले की दगडासही पाझर फुटावा. लिहिणार सोबत होता आणि खरे सांगतो, त्या वेळी आमचेही मन द्रवले.

मग खडकनाल्याचा रपटा आला. रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा सिमेंटचा पूल, पावसाळ्यात त्यावरून पाणी जाते, त्या दिवशी कोरडा होता. त्याचे पहिल्या टोकापासोन घनश्यामराव दोन पावले आणखी गेले, आणि मग डबा खाली आला. शेजारचे दगडावर लिहिले होते: आर्णी ५. म्हणजे स्वारी अवघी दोन किलोमीटर जाहली होती. ही जागा नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आर्णीच्या टपरीवर ती दर बाजारी थोडी थोडी पुढे सरकत गेली.

“म्या ठेवला नाई,” घनश्यामराव धापा टाकीत म्हणाले, “जरासा टेकवला.” भावसिंग नाईक काही बोलणार तो इंदूबाईंनी हाताने थांबविले, आणि आपले बाटलीतले पाणी घनश्यामरावांस दिले, आणि ते अर्धी बाटली पिवोन गेले. मग इंदूबाई त्यांचे शेजारी कठड्यावर बसल्या आणि सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, “टेकवला त टेकवला. उठा मंग. अजून पाच किलोमीटर. तिथं नंबर लागेपर्यंत उभं राहाचं. मंग वापस.”

घनश्यामरावांनी चमकोन पाहिले. “वापस बी?”

परतीचा मार्ग त्यांचे मसलतीत कोठेच नव्हता. ते डब्याकडे पाहू लागले, आणि मग रस्त्याकडे दोन्ही बाजूंस पाहू लागले. बायका हासल्या नाहीत. शेवटी त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, “हे बाईमानसानं रोज कसं करावं? नाई होत हे.” मैत्रेयीबाईंनी ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरविले आणि खाली त्यांची सही घेतली. या वेळी त्यांनी सहीखाली काहीच लिहिले नाही. ज्या मनुष्याने हा मुकदमा ओढवून घेतला त्यानेच तो आपले तोंडाने निकालात काढिला. ही सचोटी त्यांचे पदरी बांधावी लागेल, मग टपरीवर ते काही बोलोत.

परतताना डबा इंदूबाईंनी घेतला. घनश्यामराव रिकाम्या हाती मागे चालत होते आणि वाटेत तीनदा बसले.

संध्याकाळी निंबाखाली हुकूमनामा वाचिला गेला तो ऐसा. सावळेखेडचा दळणाचा बाजार खडकनाल्याचे रपट्यावर संपतो. त्या हद्दीत दोन चक्क्या एका हाती देणे म्हणजे गिऱ्हाइकाचा दुसरा दरवाजा चिणून टाकणे होय, सबब वामनरावांची चक्की घनश्यामरावांनी घेणे मना आहे. वामनरावांनी ती त्याच किमतीस, हप्त्याने, गावातले महिला बचत गटास द्यावी. भिंतीवरील अक्षरे पुसावी. रपट्यापलीकडे घनश्यामरावांनी मन मानेल तितक्या चक्क्या घ्याव्या, आर्णी घ्यावी, यवतमाळ घ्यावे, राजूरपर्यंत मुलूखगिरी करावी, त्यास सभेची ना नाही. वामनरावांस कबूल काय म्हणोन विचारिले, आणि ते हो म्हणाले, आणि या वेळी सर्वांस ते पटले.

मैत्रेयीबाईंचे मनात आणखी एक कलम घालावयाचे होते, की घनश्यामरावांनी इंदूबाईंचा डबा घेतलाच पाहिजे. इंदूबाईंनी ते काढावयास लाविले. म्हणाल्या, “राहू दे पोरी. त्याची चक्की, त्याचा हुकूम. मले दुसरी असली म्हंजे झालं.” बचत गटाने त्यांस चक्कीत भागीदार होण्याविषयी गळ घातली तीही त्यांनी मोडिली. “मले चक्की नाई चालवाची. मले पीठ पायजे.” आणि त्या तडक फाट्यावर गेल्या, कारण संध्याकाळची गाडी यावयाची होती.

बचत गटाच्या बायका पहाटे फटफटताच चक्की चालू करू लागल्या, कारण त्यांस पुढे वेचणीस जाणे असे. घनश्यामरावांचे दार आंघोळ, चहा व पेपर आटोपोन दहा वाजता उघडण्याचा रिवाज. चार दिवसांत पश्चिमेस डब्यांची रांग रस्त्यावर आली, आणि पूर्वेस एक डबा उरला, तो त्यांचे एका व्याह्यांचा. आणि पाचवे दिवशी व्याहीही डबा उचलोन गेले. आमचे घरचा तर दुसरेच दिवशी गेला होता, हे लपवीत नाही. सातवे दिवशी घनश्यामराव नऊ वाजता उघडू लागले, आठवे दिवशी आठ वाजता.

नववे दिवशी, मार्गशीर्ष मासी, सूर्योदयापूर्वी घनश्यामराव आंघोळीविना पायरीवर उभे होते, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायांस ‘वहिनी, इकडं या’ म्हणोन हाका मारीत होते. अशात इंदूबाई डबा डोईवर घेवोन आल्या. ज्या पायरीस तो डबा लागू नये असे फर्मान होते त्या पायरीवरून घनश्यामराव दोन पायऱ्या खाली उतरले आणि म्हणाले, “इंदूबाई, आना तो डबा. पयला नंबर तुमचा. आत्ताच दळून देतो.”

इंदूबाई थांबल्या. डबा डोक्यावर तसाच, एक हात वर, दुसरा कमरेवर. त्यांनी घनश्यामरावांचे चक्कीकडे पाहिले, आणि पश्चिमेस रांगेकडे पाहिले, आणि घाई केली नाही. तीन वर्षांत आणि त्या मुकदम्याचे दिवसांत ज्या गोष्टीसाठी त्यांचा जीव टांगणीस लागला होता ती गोष्ट त्यांचे हाती होती, आणि ती त्यांनी मनसोक्त वापरिली.

“आज तिकडंच नेऊन राह्यली,” त्या म्हणाल्या. “उद्याचं उद्या पाहीन.”

आणि घनश्यामराव, तीन फेजांचे धनी, उद्योग समूहाचे संस्थापक, पायरीखाली उभे राहोन नम्रपणे म्हणाले, “बरं. पाहा.”

येणेप्रमाणे मौजे सावळेखेडची फत्ते जाहली, ती ग्रामसभेचे हुकुमावरून दप्तरी नोंदली असे.